पांढऱ्या दालनातले चार राजे

कोपनहेगनहून सुटलेली गाडी पंचवीस मिनिटांत रोस्किल्डला थांबते. पाऊस नुकताच येऊन गेलाय, फलाट ओला आहे. मे महिना अर्धा सरला तरी मी स्वेटरवर जाकीट घातलंय आणि भाची पातळशा रेनकोटात मजेत चालतेय. सहा वर्षांत ती इथल्या हवेला सरावली आहे. "मावशी, लिहितात रोस्किल्ड, पण म्हणतात रॉस्किले. ड गिळायचा," ती सांगते. मी दोनदा म्हणून बघते. जमतं.

स्टेशनची इमारत १८४७ सालची आहे. या देशातली पहिली आगगाडी कोपनहेगनहून इथवर धावली, आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या सहा वर्षं आधी. बाहेरच्या चौकात तीन प्रचंड रांजण उभे आहेत, एकेक पाच मीटर उंच. शहराला हजार वर्षं झाली म्हणून १९९८ साली शिल्पकार पीटर ब्रँडेस यांनी ते घडवले. एका रांजणाच्या आडोशाला एक बाई बाळाला बाटलीनं दूध पाजतेय. भाचीला इथे माझा फोटो काढायचाय. मला पुढे जायची घाई आहे.

घाईचं कारण माझे वडील. कोल्हापुरात एका छापखान्यात ते एकोणचाळीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होते. डाव्या हातात स्टिक, उजव्या हातानं केसमधून खिळा उचलायचा, न बघता, बोटांच्या ओळखीनं. रात्री घरी आले की डाव्या अंगठ्याच्या पेरावरचा शिशाचा डाग राखेनं घासायचे. तो पुरता कधी गेला नाही. आम्हा दोघी बहिणींना ते सांगायचे, आपली अक्षरं पहिल्यांदा खिळ्यांत उतरली ती पुण्यात नाही, मुंबईत नाही, बंगालमधल्या श्रीरामपुरात. आणि ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या राजाचं होतं. नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, हुगळीकाठचं, इंग्रज ज्याला सेरामपूर म्हणत. वडिलांनी ना बंगाल पाहिला ना डेन्मार्क. ते राजे रोस्किल्डच्या मोठ्या चर्चमध्ये पुरलेले आहेत हे भाचीनं मला फोनवर सांगितलं, आणि तेव्हापासून मला इथे यायचं होतं.

रस्ता दगडी फरशांचा, दोन्हीकडे बुटकी दुकानं. बुधवार असल्यानं चौकात बाजार भरलाय. शतावरीच्या जुड्या, मातीसकट नवे बटाटे, अळूच्या देठांसारख्या दिसणाऱ्या रुबार्बच्या लालसर दांड्या, धुरावलेल्या माशांचा वास. म्हातारा भाजीवाला चिल्लर मोजताना पुटपुटतोय. चौकाच्या एका अंगाला जुन्या संत लॉरेन्सच्या चर्चचा मनोरा तेवढा उरलाय, बाकीचं चर्च धर्मसुधारणेनंतर गेलं. मध्ययुगात एवढ्याशा गावात डझनभर चर्चं आणि मठ होते म्हणे. ते सगळं इथल्या बिशपच्या पीठाभोवती वाढलेलं. राजधानी कोपनहेगनला गेली आणि रोस्किल्डकडे राहिले ते मृत राजे.

आणि मग घरांच्या वर दोन निमुळती टोकं दिसतात. हिरवट, सुईसारखी. दोन पावलं पुढे गेलं की खाली सगळं विटांचं धूड.

मी आधी भिंतीला हात लावते. विटा आपल्या विटांपेक्षा मोठ्या आणि जाड, लाल, काही ठिकाणी जळून जांभळट झालेल्या. प्रत्येकीची धार वेगळी. डेन्मार्कात बांधकामाचा चांगला दगड दुर्मीळ, चिकणमाती मात्र मुबलक. बाराव्या शतकात विटा भाजायची विद्या इथे पोचली आणि बिशप अबसालोन यांनी ११७०च्या दशकात इथल्या जुन्या दगडी चर्चच्या जागी विटांचं चर्च उभारायला घेतलं. मधेच फ्रान्सकडून गॉथिक घडण आली तेव्हा आराखडा बदलला. पुरं व्हायला शंभर वर्षं लागली. उत्तर युरोपात विटांची गॉथिक चर्चं पुढे गावोगाव झाली, त्यांच्यातल्या अगदी पहिल्यांपैकी हे एक. युनेस्कोनं १९९५ साली ते जागतिक वारशात घेतलं ते म्हणूनच. त्याआधी इथे दगडी चर्च होतं आणि त्याच्याही आधी, दहाव्या शतकाच्या अखेरीला, हाराल्ड ब्लूटूथ राजानं बांधलेलं लाकडी. भाची कानातलं यंत्र काढून दाखवते. "हा तोच ब्लूटूथ, मावशी. याच्यावरचं चिन्ह म्हणजे त्याच्या नावाची रून लिपीतली आद्याक्षरं." मी ते चिन्ह रोज बघते, अक्षरं म्हणून आज पहिल्यांदा बघते.

पश्चिमेची मोठी ब्राँझची दारं ब्रँडेस यांचीच, २०१०ची. ती रोज उघडत नाहीत. आम्ही बाजूच्या दारानं आत शिरतो.

आत इतका उजेड असेल असं मला वाटलं नव्हतं. बाहेरचं लाल आत संपतं, भिंती चुन्यानं रंगवलेल्या, कमानी उंच चढत जातात आणि शेवटी एकमेकींना टेकतात. शाळेतली तीसेक मुलं फरशीवर मांडी घालून बसलीत, सगळ्यांच्या माना वर. "चल लवकर, बारा वाजतायत," भाची ओढते. पश्चिमेकडच्या भिंतीवर उंच एक घड्याळ आहे, सुमारे १५००चं. त्याच्यावर घोड्यावर बसलेला संत जॉर्ज, घोड्याच्या पायांखाली ड्रॅगन. बाजूला दोन लाकडी माणसं: केर्स्टन किमर नावाची बाई पाव तासाचे ठोके देते, पेअर डव्हर नावाचा पुरुष तासाचे. काटे जुळतात. बाई घंटेवर हातोडी मारते, पुरुष मारतो, घोडा हलतो आणि ड्रॅगन ओरडतो. ती ओरड मी कशी सांगू? भात्यातून वारा सुटून नळीतून निघालेला चिरका, दुबळा आवाज, एखाद्या जनावराला खरंच दुखल्यासारखा. मुलं हसतात, एक मुलगी मात्र दोन्ही हात कानांवर घेऊन बसून राहते. पाचशे वर्षं ते जनावर दर तासाला मरतंय.

इथे चाळीसच्या आसपास राजे-राण्या आहेत. काही नुसते खांबांत चिणलेले, वर भिंतीवर चित्र. अकराव्या शतकातला स्वेन एस्ट्रिडसन असाच एका खांबात आहे. सगळे बघत बसलो तर संध्याकाळ होईल. मुख्य वेदीच्या मागे मात्र मी थांबते, कारण तिथे पहिली मार्गारेट आहे. काळ्या दगडाच्या पेटीवर पांढऱ्या दगडातली आडवी मूर्ती, हात जोडलेले, चेहरा तरुण. १३९७ साली तिनं डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन एका छत्राखाली आणले. १४१२ साली ती फ्लेन्सबर्गच्या बंदरात जहाजावर वारली. सोर्य इथल्या मठात तिला पुरलं होतं. पुढच्याच वर्षी रोस्किल्डच्या बिशपनं तिला उचलून इथे आणलं. राजे चर्चला जमिनी देतात, चर्च राजांना जागा देतं, आणि कुणाची समाधी कुणाकडे यावरून भांडणंही होतात. हे आपल्याकडेही काही वेगळं नाही.

मार्गारेटच्या आजूबाजूला संगमरवरी शवपेट्या आहेत. त्यांतली एक चौथ्या फ्रेडरिकची. "मावशी, हा आपल्या यादीत आहे का?" आहे, पण कडेला. यानं पाठवलेला त्सीगेनबाल्ग नावाचा तरुण जर्मन पाद्री १७०६ साली कोरोमंडल किनाऱ्यावर तरंगंबाडीला उतरला. तिथे तमिळ छापखाना उभा राहिला. मी त्या पेटीपाशी क्षणभर उभी राहते आणि पुढे सरकते.

उजव्या अंगाला तीन राजांचं चॅपेल आहे, पंधराव्या शतकातलं. छत वेलबुट्टीनं भरलंय, मध्ये एकच ग्रॅनाइटचा खांब सगळं छत पेलून उभा. या खांबावर आडव्या रेघा आहेत. इथे आलेल्या राजांची उंची मोजून खूण करायची पद्धत होती. सगळ्यांत वर पहिला क्रिस्तियान, २१९.५ सेंटिमीटर, त्याची हाडं पुढे तपासली तेव्हा तो एवढा उंच नव्हता असं दिसलं. खाली रशियाचा पीटर द ग्रेट. आणि अगदी खाली, माझ्या डोक्याच्या थोडी वर, सातवा क्रिस्तियान. १६४ सेंटिमीटर. मी खांबाला पाठ लावून उभी राहते, भाची माझ्या डोक्यावर तळहात आडवा धरते आणि म्हणते, "तू त्याच्या कानापर्यंत येतेस."

सातवा क्रिस्तियान माझ्या यादीत आहे. ठळक अक्षरांत.

पण आधी चौथा क्रिस्तियान, उत्तरेच्या बाजूला. बाहेरचे ते दोन सुयांसारखे मनोरे यानंच १६३०च्या दशकात चढवले. त्याच्या चॅपेलच्या तोंडावर लोखंडी जाळी आहे आणि ही जाळी बघायला मी पुन्हा कोल्हापूर ते कोपनहेगन प्रवास करीन. कास्पर फिंके नावाच्या लोहारानं ती घडवली, साधारण १६२०च्या सुमाराला. लोखंडाच्या सळ्या एकमेकींतून ओवून घेतल्यात, गाठीसारख्या, कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळत नाही. मी चष्मा पुसून जवळ जाते. सळईवर हातोडीचे चपटे घाव दिसतात, एकाशेजारी एक, माशाच्या खवल्यांसारखे. फुलांच्या पाकळ्या इतक्या पातळ ठोकल्यात की कडेला लोखंड कागदासारखं वळलंय. आणि या लोहारानं जाळीवर स्वतःचं नाव घातलंय, आपण कोण आणि हे काम आपल्याला नाव मिळवून देणारं, अशा अर्थाच्या ओळीसकट. राजाच्या समाधीच्या दारात. ती अक्षरं मी बोटानं हवेत गिरवते. लोखंडात अक्षर काढायचं म्हणजे काय असतं हे मला ऐकून माहीत आहे.

जाळीतून आत राजाची शवपेटी दिसते, भिंतीवर मार्स्ट्रँडनं रंगवलेलं भलंमोठं चित्र. १६४४च्या समुद्री लढाईत एक डोळा गेलेला राजा, रक्तानं भरलेला, जहाजाच्या डेकवर ताठ उभा. डॅनिश मुलं हे चित्र शाळेपासून ओळखतात. मला त्याचं दुसरंच साल आठवतं. १६१६ साली या राजानं डॅनिश ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. चार वर्षांनी तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार होऊन तरंगंबाडीला डॅनिश किल्ला उभा राहिला. आणि त्याच १६१६ साली गोव्यात राचोलला फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण छापून निघालं. मराठीतली ओवी, पण रोमन अक्षरांत. छापखाना होता, भाषा होती, कवी होता, अक्षरं मात्र नव्हती. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण माझ्या वडिलांच्या गोष्टीची ही दोन टोकं एकाच वर्षात पडतात आणि मी त्या जाळीसमोर उभी राहून ते साल मनात घोळवते. अक्षरं यायला आणखी १८९ वर्षं लागणार होती.

"आता?" भाची विचारते.

"आता तिकडे."

दक्षिणेच्या बाजूला दोन-तीन पायऱ्या, आणि आपण एका पांढऱ्या दालनात येतो. वर घुमट. सोनं नाही, चित्रं नाहीत, वेलबुट्टी नाही. हार्सडॉर्फ या वास्तुकारानं १७७४मध्ये काम सुरू केलं, ते १८२५ साली दुसऱ्याच वास्तुकाराच्या हातून पुरं झालं. मुलांचा गलका मागे राहतो. घुमटातून येणारा उजेड सगळीकडे सारखा पडतो, सावल्या जवळजवळ नाहीत. समोर पाचव्या फ्रेडरिकचं स्मारक: उंच चौथऱ्यावर संगमरवरी पेटी, तिच्या मागे स्तंभ, आणि दोन्हीकडे मुकुट घातलेल्या दोन स्त्रिया, डेन्मार्क आणि नॉर्वे, मान झुकवून बसलेल्या. वीडेवेल्ट या शिल्पकाराचं काम. त्यांच्या वस्त्रांच्या चुण्या पावसात भिजल्यासारख्या अंगाला चिकटल्यात.

पाचवा फ्रेडरिक, सातवा क्रिस्तियान, सहावा फ्रेडरिक, आठवा क्रिस्तियान. चौघेही या एका दालनात आहेत. मी पर्समधून वही काढते. त्यात माझ्या हातानं लिहिलेली चार नावं आणि चार सालं. भाची जवळ सरकते. "सांग," ती म्हणते. "हळू सांग, पण सगळं सांग."

मी सांगते. १७५५ साली डॅनिशांनी हुगळीकाठी वखार मिळवली आणि गावाला या फ्रेडरिकचं नाव दिलं, फ्रेडरिकनगर. बंगालच्या नवाबाकडून ती जागा मिळाली तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या थांबून चारच वर्षं झाली होती. बंगालात त्या घोडेस्वारांची धास्ती इतकी की आया बाळांना बारगिरांची भीती घालून निजवत. आणि पुढे त्याच गावच्या छापखान्यात रघुजी भोसल्याची वंशावळ मोडी लिपीत छापली गेली. ज्यांनी बंगाल लुटला त्यांची वंशावळ, बंगाली कारागिरांनी पाडलेल्या अक्षरांत.

याच राजाच्या काळात, १७५०मध्ये, श्वार्ट्झ नावाचा पाद्री तरंगंबाडीला उतरला. पुढे तो तंजावरला गेला. तुळजाजी राजांनी मरताना आपला दत्तक मुलगा त्याच्या हवाली केला, तेच सरफोजी महाराज. श्वार्ट्झ त्यांचा शिक्षक झाला, पालक झाला. आणि सरफोजींनी तंजावरच्या वाड्यात देवनागरी छापखाना काढला. इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, १८०६च्या सुमाराला. "म्हणजे दोन्हीकडे," भाची म्हणते. हो, दोन्हीकडे. हुगळीच्या काठी आणि कावेरीच्या काठी, दोन्ही ठिकाणी मराठी महाराष्ट्राबाहेर छापली जात होती आणि दोन्ही वाटा मागे गेलं की डॅनिश धक्क्यावर येतात.

दुसरा, सातवा क्रिस्तियान. खांबावरचा सगळ्यांत ठेंगणा. मनानं आजारी होता. त्याच्या वैद्यानं, स्ट्रुएन्सेनं, राज्यकारभार हातात घेतला आणि १७७२मध्ये त्याचं डोकं उडवलं गेलं. १७८४नंतर राजा नावापुरता, कारभार युवराजाकडे. या राजाच्या नावानं चालणाऱ्या गावात १० जानेवारी १८०० रोजी मिशनरी विल्यम केरी आला. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी आपल्या हद्दीत मिशनऱ्यांना राहू देत नव्हती आणि डॅनिश गव्हर्नर ओले बी यांनी त्याच्या सोबत्यांना परत पाठवायला साफ नकार दिला होता. तेवढ्या एका नकारावर छापखाना उभा राहिला. केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवू लागला, पंडित वैजनाथ त्याच्या मदतीला होते. १८०५मध्ये त्याचं मराठीचं व्याकरण श्रीरामपुरात छापलं गेलं.

"आणि खिळे?"

हेच विचारायला हवं होतं. पंचानन कर्मकार. जातीनं लोहार. पोलादाच्या दांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, मग ती दांडी तांब्याच्या तुकड्यात ठोकून मातृका करायची, मातृकेत शिसं ओतायचं की खिळा. एका चुकलेल्या घावात आठवड्याचं काम जातं. पंचानन व्याकरण निघण्याआधीच वारले. पुढचं काम त्यांचे जावई मनोहर यांनी चालवलं. मला नेहमी 'ळ'चा विचार येतो. बंगालीत ळ नाही. हुगळीकाठच्या त्या लोहाराच्या तोंडात तो कधी आला नसेल, कानावरही फारसा पडला नसेल. त्यांनी तो नुसत्या आकारावरून कोरला असणार, वैजनाथ पंडितांनी बोरूनं काढून दिलेल्या एखाद्या नमुन्यावरून. उलटा. आणि वडिलांच्या केसमध्ये ळचा खण पार कडेला होता, हात लांब करावा लागायचा.

१८१२च्या मार्चमध्ये श्रीरामपूरचा छापखाना जळाला. कागद गेला, हस्तलिखितं गेली, खिळे वितळून शिशाचे गोळे झाले. ढिगाऱ्यात पोलादी दांड्या आणि मातृका मात्र शाबूत सापडल्या आणि काही आठवड्यांत पुन्हा ओतकाम सुरू झालं. वडील ही हकिकत सांगताना इथे थांबायचे. मातृका शाबूत सापडल्या, हे ते दोनदा म्हणायचे.

तिसरा, सहावा फ्रेडरिक, तोच युवराज. श्रीरामपूरच्या कॉलेजला १८२७ साली पदव्या द्यायचा अधिकार त्यानं दिला. मधली सात वर्षं, १८०८ ते १८१५, गाव इंग्रजांनी बळकावलं होतं; केरीचा मराठी कोश १८१०मध्ये निघाला तेव्हा किनाऱ्यावर डॅनिश झेंडा नव्हता. वडिलांना हे ठाऊक नसावं. मला कळलं तेव्हा थोडं वाईट वाटलं होतं, पण खरं ते खरं. चौथा, आठवा क्रिस्तियान, यानं १८४५मध्ये तरंगंबाडी आणि श्रीरामपूर दोन्ही इंग्रजांना विकून टाकली. साडेबारा लाख रुपयांना.

वही मिटते. समोरच्या दोन संगमरवरी स्त्रिया तशाच खाली बघतायत.

हे चौघे मराठीचे उपकारकर्ते होते असं मी म्हणणार नाही. यांना मराठी नावाची भाषा असते हे माहीत असेल की नाही याचीही मला शंका आहे. यांच्याच झेंड्याखाली आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं कोंबून वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांवर नेली गेली. १७९२मध्ये तो व्यापार बंद करायचा हुकूम निघाला, अंमल १८०३पासून. मळ्यांवरची गुलामगिरी त्यानंतरही चालूच राहिली. दूरच्या गावावर यांचं फारसं लक्ष नव्हतं आणि त्या दुर्लक्षाच्या सावलीत चार माणसांना काम करता आलं. तरीही मी हात जोडते. राजांना नव्हे. कुणाला ते मला नेमकं सांगता येत नाही. पंचाननची समाधी कुठे असती तर तिथे जोडले असते. भाची बाजूला उभी आहे, तिनंही हात जोडलेत. पांढऱ्या केसांच्या एक डॅनिश बाई आम्हाला बघून थांबतात, मान लववतात आणि आवाज न करता बाहेर जातात.

बाहेर पडताना दुसऱ्या मार्गारेट राणीसाठी तयार करून ठेवलेली समाधी जिथे झाकून ठेवली आहे ते चॅपेल लागतं. आज काही दिसत नाही. भाची सांगते, वर काच, खाली तीन खांब, बोर्नहोमचा ग्रॅनाइट, फेरो बेटांचा बसाल्ट, ग्रीनलंडचा संगमरवर, आणि खांबांच्या डोक्यावर चांदीची हत्तीची मस्तकं. या देशाचा सर्वांत मोठा मान म्हणजे हत्तीचं पदक.

चर्चच्या मागून रस्ता उतरत खाडीकडे जातो. गवताचा मोठा उतार, डेझीची पांढरी ठिपक्यांची चादर, मधूनमधून झऱ्यांचं पाणी. गावाच्या नावातला किल्डे म्हणजे झराच. खाली पाणी राखाडी, पलीकडचा किनारा अंधुक. १०७०च्या सुमाराला इथल्या लोकांनी उत्तरेला स्कुल्डेलेव्हपाशी पाच जहाजं दगड भरून बुडवली, शत्रूची वाट अडवायला. १९६२ साली पाणी उपसून ती काढली. त्यांतलं सगळ्यांत लांब, तीस मीटरचं, आयर्लंडमध्ये डब्लिनला १०४२ साली आयरिश ओकचं बांधलेलं निघालं. आज धक्क्याला त्यांच्या नव्यानं बांधलेल्या प्रतिकृती डोलतायत. हवेत डांबराचा वास आहे.

मला बघायचाय तो या प्रतिकृती बांधायचा कारखाना. उघड्या छपराखाली एक तरुण सुतार ओकच्या फळीवर उभा राहून कुऱ्हाडीनं तासतोय. करवत नाही. ओंडका पाचरी ठोकून उभा फाडतात, धाग्याच्या रेषेत, म्हणजे लाकूड तुटत नाही, लवतं. मग कुऱ्हाडीनं फळी पातळ करत आणतात. प्रत्येक घावाला तळहाताएवढी चोई सुटते. तो घाव घालतो, थांबतो, फळीवरून अंगठा फिरवतो, पुन्हा घाव घालतो. मोजपट्टी बाजूच्या पिंपावर पडून आहे, तिला त्यानं हात लावलेला नाही. आम्ही बघतोय हे कळल्यावर तो वाकून एक चोई उचलतो आणि मला देतो. ओली आहे. आंबट वास येतो.

आम्ही धक्क्यावरच्या बाकावर बसून राईच्या काळ्या पावावर हेरिंग खातो. भाची तिच्या आईला, माझ्या ताईला, फोन लावते. तिकडे संध्याकाळ झाली आहे, मागे कुकरची शिट्टी.

"भेटले का बाबांचे राजे?" ताई विचारते.

मी तिला पांढरं दालन सांगते, उजेड सांगते, लोहाराची जाळी सांगते. ठेंगण्या राजाची रेघ सांगते. मग ळचं सांगते. ती बराच वेळ काही बोलत नाही. मला वाटतं फोन तुटला.

"बाबांची स्टिक माझ्याकडे आहे गं," ती म्हणते. "देवघराच्या खालच्या कप्प्यात. तिच्यात अजून दोन खिळे अडकलेत. किती वर्षं झाली, निघत नाहीत."

"कुठले?"

"कोण जाणे. उलटे असतात ना. थांब, चष्मा आणते. आरसाही आणते."

फोनमधून तिची पावलं दूर जाताना ऐकू येतात, कप्पा ओढल्याचा आवाज येतो. भाची फोन दोन्ही हातांनी आमच्या मध्ये धरून बसली आहे. मागे सुताराची कुऱ्हाड चालू आहे.